पाठ केलेले साठ शब्द

मनुदादाला मी पाठांतर शिकवलं नसतं, तर त्या रविवारी दुसऱ्या पिरियडला तो बर्फावर उतरलाच नसता. हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आता लिहिलंय, तर पुढचं सुसाट लिहून टाकते.

मनुदादा म्हणजे मनु ब्रेनेके. वय एकवीस, उंची एक मीटर नव्वद, आइस हॉकीत राइट विंगर, जर्सी नंबर सतरा. त्याची आई, नीलांबरी मावशी, मूळची साताऱ्याची आणि माझ्या आईची इथली पहिली मैत्रीण. वडील जर्मन. दादाला मराठी सगळं कळतं, टोमणेसुद्धा, पण उत्तर तो जर्मनमध्येच देतो. इथे मी त्याचं बोलणं मराठीत लिहितेय, एवढंच. मी एकदा स्टँडमधून ‘दादा’ अशी बोंब मारली, तेव्हापासून अख्खी टीम त्याला दादा म्हणते. चौतीस वर्षांचा गोलकीपरसुद्धा.

मी उर्जा. नववीत आहे. पाचवीत असताना आम्ही पुण्याहून इथे जर्मनीत आलो आणि पहिली तीन वर्षं वर्गात माझा आवाज फक्त शिंकताना ऐकू यायचा. इथे तोंडी मार्क असतात, वर्गात बोललं नाही की कापतात. टीचर आईबाबांना दर वेळी सांगायच्या, उर्जा फार गप्प असते. मग गेल्या वर्षी कुठलं तरी झाकण उडालं. आता त्याच टीचर सांगतात, उर्जाने इतरांनाही संधी द्यावी.

नववीत सगळ्यांना दोन आठवडे प्राक्टिकुम करावं लागतं, म्हणजे खऱ्या कामाच्या जागी जाऊन शिकायचं. बाबा म्हणाले, एश्बॉर्नला माझ्या ऑफिसात ये. मी म्हटलं, बाबा, तुमच्या ऑफिसात लोक कॉफी पितात आणि ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’ म्हणतात, ते मला येतं. या मार्चमध्ये मी दादाच्या हॉकी क्लबमध्ये लागले. ओळख पुष्करदादाची. तो डार्मश्टाटच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो, पळणारी माणसं कम्प्युटरला कशी ओळखता येतील याच्यावर, आणि मॅचच्या दिवशी क्लबच्या व्हिडिओरूममध्ये बसतो. स्टँडच्या वर एक काचेची खोली, चार स्क्रीन, दोन खुर्च्या. तो कॅमेरे बघतो, मी बटणं दाबते. पास झाला, बटण. शॉट, बटण. फाउल, बटण. मॅच संपली की ट्रेनरला हव्या त्या क्लिप्स तयार.

आता त्याच्या आधीचा ऑगस्ट.

सीझनच्या आधी प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची टेस्ट होते. डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवते, ते परत म्हणायचे. जरा वेळाने पुन्हा म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं. ते मार्क जपून ठेवतात. मग मॅचमध्ये कोणाचं डोकं आपटलं की तीच टेस्ट परत घेऊन पडताळायचं. कमी पडले, तर मेंदूला मार बसलाय, खेळ बंद. जुने खेळाडू ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकायचे, म्हणजे आपटल्यावरही मार्क तेवढेच दिसावेत. पण नवी डॉक्टर, फ्राऊ लिंडश्टेट, म्हणजे लिंडश्टेटबाई, तिखट निघाली. तिने मुद्दाम चुकणारे ओळखले आणि परत बसवले.

“मग आता काय करायचं?” दादा आमच्या स्वयंपाकघरात बसून पोहे खात होता. “गेल्या वर्षी डोकं जरासं ठणकलं तर तीन आठवडे बाहेर. माझी जागा गेली. परत मिळवेपर्यंत नाताळ आला.”

“कुठले शब्द असतात?”

“याद्या आहेत. सहा. त्यातली कुठलीही एक वाचते. टीममधल्या एकाने सगळ्यांचे फोटो काढून ठेवलेत, पण लक्षात कोणाच्या राहतंय.”

“सहाच?”

“सहाच.”

“म्हणजे साठ शब्द. दादा, मी तिसरीत तीसपर्यंतचे पाढे म्हणायचे.”

बाबा मला पाढे शिकवायचे ते शाळेत सोडताना, स्कूटरवर. दोन दोन शब्दांचा झोका आणि शेवटचा शब्द लांबवायचा, अशी चाल. सिग्नलला स्कूटर थांबली तरी तोंड थांबायचं नाही. मी दादाच्या सगळ्या याद्या त्या चालीत बसवल्या. चौथी यादी अशी सुरू व्हायची: लाम्पे गाबेल, वोल्के श्टीफेल, हाऽऽमर. दिवा, काटा, ढग, बूट, हातोडा. पुढे अजून पाच. दहा दिवसांत त्याची सहाच्या सहा याद्या तोंडपाठ. मी पहाटे सहाला त्याला फोन केला आणि नुसतं ‘यादी चार’ म्हटलं. तो अर्धवट झोपेत धडाधड म्हणाला, फोन ठेवला, आणि नंतर त्याला फोन आलेला आठवतसुद्धा नव्हता. मला वाटलं, माझ्यासारखी शिक्षिका जगात नाही.

आता रविवार. मार्च महिना, प्लेऑफची तिसरी मॅच, आधीच्या दोन मॅचमध्ये एक-एक अशी बरोबरी. जिंकेल तो पुढे, हरेल त्याचा सीझन संपला. दुपारी दोनची मॅच. सकाळी मावशीच्या गाडीतून आम्ही तिघं आलो. दादाच्या स्टिक्स डिकीत मावत नव्हत्या म्हणून त्या माझ्या मांडीवर आडव्या.

“वर तिसऱ्या रांगेत पहिल्या लीगचा माणूस बसणार आहे,” दादा म्हणाला. “मला बघायला.”

“मग केस विंचर,” मावशी म्हणाली.

“आई, हेल्मेट असतं.”

“हेल्मेट काढल्यावर काय करशील?”

वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात. पहिल्याचं बारावं मिनिट. दादाने कठड्याच्या कडेने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुढे ढकलला आणि तो कुठे जातोय ते बघायला मान वळवली. पाहुण्या टीमचा चव्वेचाळीस नंबर, क्रोल, तिरका आला. या सीझनमध्ये दोनदा बंदी भोगून आलेला माणूस. खांदा वर, कोपर त्याच्याही वर. दादाचं डोकं काचेवर आपटलं त्याचा आवाज आमच्या बंद खोलीत आला. रेफरीने क्रोलला दोन मिनिटं बाहेर बसवलं. फक्त दोन मिनिटं.

“पक सुटल्यापासून फ्रेम मोज,” पुष्करदादा म्हणाला.

मी बटण दाबत एक एक फ्रेम पुढे नेली. “एकतीस.”

“सेकंदाला पन्नास असतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वर. थांबायला भरपूर वेळ होता त्याच्याकडे. आणि पाय बघ, वेग वाढवतोय. हा पकसाठी आलाच नव्हता.”

“बंदी होईल ना?”

“लीगच्या फॉर्ममध्ये एक चौकोन असतो, खेळाडू त्याच मॅचमध्ये परत खेळला का. खेळला असेल तर समितीला वाटतं, एवढं काही झालं नव्हतं.” त्याने क्लिप टॅबलेटवर टाकली. “खाली डॉक्टरला नेऊन दे. मार कसा बसला ते तिला बघायचं असतं.”

मी जिने उतरले ते दोन दोन पायऱ्या. खाली रबरी चटयांचा आणि ओल्या ग्लोव्हजचा वास. ड्रेसिंगरूमच्या शेजारी तपासणीची छोटी खोली आहे, तिचं दार जरासं उघडं होतं. आतून दादाचा आवाज आला.

“लाम्पे गाबेल, वोल्के श्टीफेल, हाऽऽमर.”

खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. एकही शब्द अडला नाही. पुढचे पाच, मग उलटे महिने, तेही मीच घोटून घेतलेले. मग तो एका पायावर उभा राहिला असणार, कारण बराच वेळ आवाज नव्हता. त्यात तो तसाही कोणाला हरत नाही, चौथ्या वर्षापासून बर्फावर आहे.

तो बाहेर आला आणि मला बघून हसला.

“उर्जा, तू इथे कशी? शाळा नाही?”

मीही हसले. दादा असाच आहे, येताजाता फिरक्या घेतो. “दादा, रविवार आहे.”

“हो की,” तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून गेला.

फ्राऊ लिंडश्टेटने क्लिप तीनदा बघितली. प्रत्येक वेळी तिच्या कपाळावर एक आठी जास्त. “मार वाईट आहे,” ती म्हणाली. “पण टेस्ट उत्तम. ऑगस्टपेक्षा एक मार्क वरच.”

मी टॅबलेट घेतला आणि वर आले. काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं, फिरकी तर घेतली होती त्याने.

दुसरा पिरियड सुरू झाला आणि माझा गुडघा हलायला लागला.

“टेबल थरथरतंय,” पुष्करदादा म्हणाला.

“सॉरी.” गुडघा थांबवला तर बोटं सुरू झाली. मला सगळ्यांना टॅग करायचं होतं, पण माझे डोळे सतरा नंबर सोडून कुठे जाईनात. सगळं ठीक दिसत होतं. स्केटिंग तेच. मग एकदा त्याच्या लाइनची, म्हणजे त्याच्या गटाची, पाळी नसताना तो कठड्यावरून उडी मारून आत गेला. बर्फावर एक माणूस जास्त झाला आणि आम्हाला दोन मिनिटांची शिक्षा. ट्रेनर हातवारे करत होता. दादा मान हलवत होता, हो हो, माझं चुकलं. होतं कोणाचंही. मग फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होताना, तो डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. अख्खा सीझन तो उजवीकडे खेळलाय. मधल्या खेळाडूने त्याला स्टिकने हळूच ढकलून उजवीकडे पाठवलं.

“आज कुठे हरवलाय हा?” पुष्करदादा पुटपुटला.

खाली आमच्या स्टँडमध्ये हॉल्गरच्या नावाचा गजर चालू होता. हॉल्गर आमचा धिप्पाड डिफेन्सवाला. त्याने क्रोलला धरून आपटावं अशी सगळ्या हॉलची इच्छा. एरवी मीही त्यात असते. माझ्या फोनमध्ये ‘भारी टक्करी’ नावाचा फोल्डर आहे, चाळीसेक क्लिप्स, त्यातल्या निम्म्या आमच्याच टीमच्या. हॉल्गरने एकाला पाठीमागून असं झोपवलं होतं की ती क्लिप मी वर्गातल्या सगळ्यांना पाठवली होती, खाली हसणारे चेहरे टाकून. त्यातल्या एकाही क्लिपमध्ये पडलेला माणूस नंतर काय करतो ते नव्हतं. मी तिथेच कापायचे.

क्रोल दादाच्या जवळून गेला, काहीतरी बोलला. पुढच्याच खेळीत त्याने दादाला परत कठड्याशी गाठलं. या वेळी खांद्याला खांदा, नियमात बसणारं. पण दादा पडला आणि उठताना आधी एका गुडघ्यावर थांबला. एक, दोन, तीन सेकंद. मी मोजले. मग उठला.

भोंगा वाजला. मधली सुट्टी अठरा मिनिटांची. स्क्रीनवर उलटी घड्याळं सुरू झाली आणि मी खाली पळाले.

तो ड्रेसिंगरूमच्या बाहेर बाकावर एकटाच बसला होता, हातात पाण्याची बाटली, न उघडलेली. त्याने वर बघितलं. तेच हसू.

“उर्जा, तू इथे कशी? शाळा नाही?”

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. “दादा, सकाळी आपण कसे आलो?”

“आलो की.”

“कशाने?”

“परीक्षा घेतेस का?”

“सांग ना. कशाने?”

तो भिंतीकडे बघायला लागला, जणू तिथे लिहिलंय. “ट्रेनने,” तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, “ऐक. वीस मिनिटं राहिलीत. वर तो माणूस बसलाय, मला बघायला आलेला. ते मला पक्कं आठवतंय, बघ. आज बाहेर बसलो तर परत कोणी येणार नाही. तू काही बोलणार नाहीस. बोल.”

“नाही बोलणार,” मी म्हणाले.

असं चटकन म्हणाले मी. आणि परत जिना. वर पोचले तेव्हा घड्याळात तेरा मिनिटं होती.

“दादाला काहीतरी झालंय,” मी म्हटलं. “त्याने मला एकच प्रश्न दोनदा विचारला. शब्दाला शब्द तोच.”

पुष्करदादा क्लिप्स कापत होता. “उर्जा, डॉक्टरने त्याला तपासून सोडलंय. आपण व्हिडिओवाले.”

“डॉक्टरला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

मी सांगितलं. ऑगस्ट, पोहे, याद्या, सगळं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

“चालीत?”

“चालीत. झोपेतसुद्धा येतात त्याला. म्हणजे ते त्याच्या डोक्यातून येतच नाहीत रे, नुसते तोंडातून येतात.”

तो म्हणाला, “हे तू खाली जाऊन सांगितलंस तर तुझं प्राक्टिकुम गेलं. ही खोली माझ्याकडे राहील का माहीत नाही, तुला मी आणलंय. आणि मनु तुझं तोंड बघणार नाही.” त्याने स्क्रीनवर थांबलेल्या क्रोलकडे बघितलं, वर आलेलं कोपर. “आणि नाही सांगितलंस तर हा अजून वीस मिनिटं बर्फावर आहे.”

“मला माहितेय.”

“मी येऊ?”

“नको. तू आलास तर तूच बोलशील. पाठ मी करून घेतलंय.”

अकरा मिनिटं. जिना. तपासणीच्या खोलीत फ्राऊ लिंडश्टेट हॉल्गरच्या हनुवटीला टाके घालत होती. तो टेबलावर आडवा, पाय बाहेर लोंबतायत.

“दोन मिनिटं थांब,” ती न बघता म्हणाली.

“दोन मिनिटं नाहीयेत. मनुची टेस्ट खोटी आहे.”

सुई थांबली नाही. “टेस्ट मी स्वतः घेतली.”

“शब्द पाठ आहेत त्याला. सगळ्या याद्या. ऑगस्टपासून. मी करून घेतल्या.”

आता ती माझ्याकडे वळली. “यादी चार,” ती म्हणाली.

मी म्हटली. दहाच्या दहा. चाल सोडून म्हणायचा प्रयत्न केला, पण चाल सोडली की मलाही शब्द सापडेनात, म्हणून चालीतच म्हटली. माझं मलाच ते ऐकवेना.

टेबलावरून हॉल्गर म्हणाला, “हेच दादा बसमध्ये गुणगुणतो. मला वाटायचं, भारतातलं गाणं आहे.”

“तू हनुवटी हलवू नकोस,” ती त्याला म्हणाली. मग मला, “कागद घे. दहा शब्द लिही. घरातले, साधे. त्याने कधी पाठ केले नसतील असे.”

मी लिहिले. बादली, खिडकी, दोरी, मध, घोडा, कागद, चावी, पूल, साबण, टोपी. जर्मनमध्ये, वेड्यावाकड्या अक्षरात. घोडा आणि पूल घरातले नव्हेत हे लिहिल्यावर लक्षात आलं. तिने कागद घेतला, शेवटचा टाका कापला आणि दारातून हाक मारली. “ब्रेनेके.”

दादा आला. अंगावर सगळं कवच, हातात हेल्मेट. मला कोपऱ्यात बघितलं आणि त्याचे डोळे बारीक झाले.

“मी ठीक आहे,” तो म्हणाला.

“मग एक मिनिट लागेल. बस.” तिने शब्द वाचले, सेकंदाला एक, सपाट आवाजात. “आता तू.”

“बादली,” दादा म्हणाला. “खिडकी. दोरी.” थांबला. जिभेने ओठ ओले केले. “टोपी.” परत थांबला. बाहेरून पिरियडच्या आधीची गाणी ऐकू येत होती, ढोल वाजत होते. आणि मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला, वाट सापडल्यासारखा, आणि तो म्हणाला, “लाम्पे गाबेल, वोल्के श्टीफेल...”

“हे मी म्हटलेलं नाही,” डॉक्टर म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजपर्यंत कोणी बघितलेलं नाही, आणि त्याचं वर्णन मी करणार नाही.

फ्राऊ लिंडश्टेटने त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि माझ्या पोटाशी दिलं. “हे धर. कोणालाही द्यायचं नाही. हेल्मेट नसेल तर बर्फावर जाता येत नाही, मग कोणाशी वाद घालत बसायला नको. मी हॉस्पिटलला फोन करते.”

ती पलीकडच्या खोलीत गेली आणि लगेच ट्रेनर आला. त्याला हॉल्गरने सांगितलं असणार. चार मिनिटं राहिली होती.

“दे, पोरी,” त्याने हात पुढे केला.

“फ्राऊ लिंडश्टेटना विचारा.”

“मी तुला विचारतोय.”

“आणि मी नाही म्हणतेय.”

माझा आवाज एवढा मोठा निघाला की कॉरिडॉरमधली माणसं वळली. ट्रेनरचे कान लाल झाले. तो मला ओरडणार होता, मग त्याने दादाकडे बघितलं. दादा बुटाची नाडी सोडवत होता की बांधत होता, त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. एक गाठ घालायचा, बघायचा, सोडायचा. ट्रेनर बघत राहिला. मग वळून गेला, आणि भिंतीवर त्याने मूठ मारली त्याचा आवाज आला.

“उर्जा,” दादा म्हणाला. “दे ना गं.”

मराठीत. चार वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य असेल. मी हेल्मेट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्याच्या आतला स्पंज ओला होता.

“नाही, दादा.”

भोंगा वाजला, सगळे बर्फावर गेले, आणि कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच.

अँब्युलन्स मॅच संपेपर्यंत हॉल सोडू शकत नाही, म्हणून डॉक्टरने कागद लिहून दिला आणि मावशीला खाली बोलावलं. दुसरी मदतनीस नव्हती, म्हणून मला मागे त्याच्या शेजारी बसायला सांगितलं. झोपू द्यायचं नाही, उलटी झाली तर गाडी थांबवायची, बोलत राहायचं. पार्किंगमध्ये मी मावशीला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मावशी रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “पट्टा लाव,” आणि गाडी सुरू केली.

दादा खिडकीला डोकं टेकवून डोळे अर्धे मिटून बसला. उजेड लागत होता. मी माझा ओढणीसारखा मोठा स्कार्फ खिडकीच्या काचेत अडकवला.

“कोण जिंकतंय?” तो म्हणाला.

पुष्करदादाचा मेसेज आला होता. मी वाचून दाखवला, “तीन-तीन.” पुढचं मनात वाचलं. त्याने लीगचा फॉर्म भरून पाठवला होता. परत खेळला का, या चौकोनात ‘हो’ लिहावंच लागलं. त्याच्या खाली त्याने लिहिलं होतं: टेस्ट ग्राह्य नाही, मेंदूला मार असल्याचा संशय, खेळाडू हॉस्पिटलच्या वाटेवर. आणि मला: तुझं काय करायचं ते सोमवारी ठरवणार आहेत. माझंही.

“डॉक्टरला कोणी सांगितलं?” दादाने विचारलं.

“मी.”

त्याने एक शिवी दिली, जर्मनमधली, ती मी लिहीत नाही. मग दुसरी. “तू मला शब्द दिला होतास,” तो म्हणाला. “तूच शिकवलंस आणि तूच सांगितलंस. माझ्याशी बोलू नकोस.” त्याने तोंड फिरवलं. त्याच्या कानामागे घामाने मीठ चढलं होतं. मी हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत बसले. दोन सिग्नल गेले.

“कोण जिंकतंय?”

“तीन-तीन, दादा.”

“चांगलंय.” मग जरा वेळाने, “डॉक्टरला कोणी सांगितलं?”

मी आरशात बघितलं. मावशी आरशातून माझ्याकडेच बघत होती.

“मी,” मी म्हणाले.

या वेळी शिव्या नाहीत. तो रडायला लागला, आवाज न करता, एवढा मोठा माणूस. हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. त्याला आत्ता, नव्याने कळलं होतं.

तो शांत झाल्यावर मावशी पुढून हळूच म्हणाली, “उर्जा, परत विचारलं तर सांग, व्हिडिओवरून कळलं म्हणून. खोटं कुठे आहे, व्हिडिओ होताच. उद्यापर्यंत त्याच्या लक्षात राहणार नाही. कशाला दर वेळी त्याला...” मग थांबली. “आणि तुलाही.”

मला हवंच होतं ते. मावशीने परवानगी दिल्यावर तर फारच. व्हिडिओवरून कळलं. दोन शब्द, पाठ करायलाही नकोत. हॉस्पिटलच्या पाट्या दिसायला लागल्या, मावशीने डावीकडे वळण घेतलं, हेल्मेट माझ्या मांडीवरून घसरलं ते मी पकडलं. दादाने डोळे उघडले.

“उर्जा,” तो म्हणाला. “डॉक्टरला कोणी सांगितलं?”

मावशीने गाडी हळू केली.

“मी सांगितलं, दादा.”

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी तयार होते, शिव्यांना पण आणि रडण्याला पण.

“का?” तो म्हणाला.

हे त्याने आधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले, क्रोलच्या कोपरापासून, सावकाश, एक एक गोष्ट. माझं सांगून संपायच्या आत तो पुन्हा पहिला प्रश्न विचारेल, हे मला माहीत होतं.